मेसचं पातळ वरण आणि रोजचं प्रोटीन : खान्देशातल्या शाकाहारी हॉस्टेलकरांसाठी

बारावीनंतर रावेर, यावल, साक्री, शहाद्याकडची पोरं-पोरी जळगाव, धुळे, शिरपूरच्या हॉस्टेलवर येतात, तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत एक तक्रार सगळ्यांच्या तोंडी असते. पोटभर जेवलो तरी तासा-दोन तासांत पुन्हा भूक लागते. मग वडापाव, कचोरी, बिस्किटं सुरू होतात. कुणी जिमच्या दुकानातून दोन-अडीच हजारांचा पावडरचा डबा उचलतं, आणि घरी फोनवर मेसच्या नावाने ओरड होते.

मी माळकरी घरातली. अंडंसुद्धा चालत नाही. इंजिनिअरिंगची सगळी वर्षं जळगावच्या हॉस्टेलवर काढली आणि नंतर धाकट्या भावाचीही तशीच घडी बसवून दिली. म्हणून ठामपणे सांगते, शाकाहारी जेवणात प्रोटीन कमी नसतं. मेसच्या ताटात कडधान्याची जागा रिकामी असते, एवढंच. आपल्या घरी ती जागा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, उडदाची डाळ, दाण्याची चटणी भरून काढते. हॉस्टेलवर ती आपली आपण भरायची असते, तीही गॅस आणि फ्रिज नसताना. ते जमतं. कसं, ते क्रमाने सांगते.

१. आधी स्वतःचा आकडा काढा

आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेलं प्रमाण असं आहे : धडधाकट मोठ्या माणसाला रोज, वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. हे चांगल्या दर्जाच्या प्रोटीनचं गणित. ज्यांचं जेवण मुख्यतः पोळी-भातावर चालतं त्यांनी किलोमागे १ ग्रॅम धरावं. आपण त्यातलेच.

म्हणजे वजन ५५ किलो असेल तर ४६ ते ५५ ग्रॅम, ६५ किलो असेल तर ५४ ते ६५ ग्रॅम. तुमचा आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर आहे.

जिम करणाऱ्यांना किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम पुष्कळ झालं. याहून मोठे आकडे कुणी सांगितले तर सांगणारा काही विकतो आहे का, ते पाहा. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका.

२. मेसच्या ताटात किती मिळतं ते मोजा

एका साध्या पोळीत अडीच-तीन ग्रॅम प्रोटीन असतं. भाताच्या एका मुदीत तीनच्या आसपास. ज्वारी-बाजरीची चांगली हातभर भाकरी असेल तर सहा-सात. फ्लॉवर, कोबी, गिलक्याच्या भाजीत दीड-दोन. सकाळच्या पोह्यांत चार-पाच, तेही शेंगदाणे हात राखून घातलेले नसतील तर.

राहिलं वरण. ३० ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साडेसहा ग्रॅम प्रोटीन असतं आणि घरच्या घट्ट वरणाच्या वाटीत साधारण एवढी डाळ उतरते. मेसच्या वाटीत तिच्या निम्मी असली तरी नशीब. खात्री करायची असेल तर वाटी पाच मिनिटं न हलवता ठेवा. डाळ खाली बसते, वर पिवळं पाणी राहतं, आणि तुमचं वरण किती आहे ते डोळ्यांना दिसतं.

बेरीज करा. दोन्ही वेळा चार-चार पोळ्या, वरण, भाजी, भात आणि सकाळचे पोहे धरले तर चाळीस-बेचाळीस ग्रॅम होतात. मुलींच्या हॉस्टेलवर बऱ्याच जणी दोन पोळ्यांवर उठतात. त्यांचं गाडं तीस-बत्तीसवरच अडतं. वर यातलं निम्म्याहून जास्त प्रोटीन गहू-तांदळाचं. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. कडधान्यांत जे कमी पडतं ते धान्यात असतं. दोन्ही एकाच घासात खाल्ली पाहिजेत असं नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेली की काम होतं.

तर भरायचे आहेत १५ ते २५ ग्रॅम, आणि तेही डाळ, कडधान्य, दाणे, दूध यांतून. एवढंच काम आहे.

यातलं थोडं मेसमध्येच फुकट मिळतं. वरणाचं पातेलं वरवर उपसलं जातं, डाळ तळाशी राहते. "मावशी, तळातून डाव फिरवून घाला ना," एवढं रोज आपुलकीने म्हणा. चार दिवसांत मावशींना सवय होते, तुम्हाला पाहिलं की डाव आपोआप खाली जातो. रांगेत अगदी पुढे असाल तर हे म्हणाच, कारण पातेलं नुकतंच उतरलेलं असतं आणि कुणी ढवळलेलं नसतं. वरण-बट्टीच्या दिवशी वरण जरा बरं असतं, त्या दिवशी बट्टी एक कमी आणि वरण दोन वाट्या.

३. खोलीत काय काय लागतं

भांडी आणि सामान :

- घट्ट झाकणाचे स्टीलचे तीन-चार डबे. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले दाणे मुंग्या आणि उंदीर तुमच्याआधी संपवतात.
- दोन सुती फडकी. जुनं धोतर किंवा ओढणी चालते, फक्त धुऊन उन्हात वाळवलेली हवी.
- एक खोलगट वाडगा, मोठा चमचा, छोटी सुरी.
- अर्ध्या-एक लिटरचा थर्मास.
- परवानगी असेल तर विजेची किटली.

किटलीबद्दल आधी हॉस्टेलचे नियम वाचा. कॉइल आणि इंडक्शन बहुतेक ठिकाणी बंद असतं, जप्ती आणि दंड दोन्ही होतो. किटलीला काही रेक्टर हो म्हणतात. तोंडी परवानगीवर थांबू नका, साध्या कागदावर अर्ज करून सही घ्या आणि तो कागद कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. तपासणीला येणारा माणूस दरवेळी वेगळा असतो. किटली नसेल तरी अडत नाही, मेसमधून थर्मासभर उकळतं पाणी मिळतं. किटलीत दूध मात्र तापवू नका. उतू जातं, तळाला करपतं आणि किटली कायमची जाते.

कायम ठेवायचा शिधा, महिन्याला एका माणसाचा :

- फुटाणे १ किलो
- शेंगदाणे अर्धा ते पाऊण किलो
- मूग किंवा मटकी १ किलो, आलटून पालटून
- सोयावडी पाव ते अर्धा किलो
- डाळ्यांचं किंवा सातूचं पीठ अर्धा किलो
- मीठ, जिरेपूड, लिंबं, कांदे

कॉलेजच्या गेटसमोरच्या दुकानातून हे घेऊ नका, छोट्या पुडीत दर बराच वाढतो. जळगावात दाणाबाजारात जा, धुळ्यात पाचकंदील भागात. जळगावला डाळ मिला भरपूर, त्यामुळे डाळी-कडधान्यं ताजी आणि रास्त भावात मिळतात. तीन-चार जणांनी मिळून पाच-पाच किलो घेतलं की दुकानदार आपणहून भाव कमी करतो.

शेंगदाणे घेताना मूठभर हातात घेऊन बघा. काळवंडलेले, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे नकोत. खाताना एखादा कडू लागला तर गिळू नका, थुंकून टाका. दाण्यांवरच्या बुरशीतलं विष भाजल्यानेही पूर्ण जात नाही.

४. दहा ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं ते बघा

किलोचा भाव आणि प्रोटीनचा भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाली धरलेले भाव तुमच्या बाजारातल्या भावाने बदलून घ्या, पद्धत तीच राहील.

- सोयावडी : किलोत ५२० ग्रॅम प्रोटीन. भाव १४० धरला तर दहा ग्रॅम प्रोटीन तीन रुपयांच्या आत.
- मूग, मटकी : किलोत २०० ते २३० ग्रॅम. भाव १२० धरला तर साडेपाच-सहा रुपये.
- फुटाणे : किलोत सुमारे २२० ग्रॅम. भाव १२० धरला तर साडेपाच रुपये.
- शेंगदाणे : किलोत सुमारे २४० ग्रॅम. भाव १४० धरला तर सहा रुपये.
- दूध : लिटरमध्ये ३२-३५ ग्रॅम. भाव ६० धरला तर अठरा रुपये.
- पनीर : किलोत १८०-१९० ग्रॅम. भाव ४०० धरला तर एकवीस-बावीस रुपये.
- पावडरचा डबा : किलोत साधारण ७५० ग्रॅम. भाव २५०० धरला तर तेहतीस रुपये.

दुधाचं प्रोटीन अंगी जास्त लागतं, त्यामुळे दूध-दही महाग पडलं तरी अगदी सोडू नये. दिवसाला एक पेला दूध किंवा वाटीभर दही, बाकी सगळा भार फुटाणे-मूग-सोयावर, ही वाटणी विद्यार्थ्याच्या खिशाला परवडते.

५. दिवस कसा बसवायचा

सकाळी नाश्त्याला मेसमध्ये जा. झोपेपायी नाश्ता बुडवणारे दिवसाचा पहिला हप्ताच घालवतात. पोहे-उपमा असेल तर वरून मूठभर भाजलेले शेंगदाणे टाका आणि पेलाभर दूध प्या. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध असेल तर पुन्हा उकळायची गरज नसते, कोमट हवं असेल तर पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा. सुटं दूध मात्र उकळूनच. दोन्ही मिळून बारा-तेरा ग्रॅम होतात.

दुपारी वरणाबरोबर दाण्याची चटणी. दोन मोठे चमचे चटणीत चार-पाच ग्रॅम प्रोटीन असतं आणि कोबीची भाजीसुद्धा गोड लागायला लागते. दही मिळत असेल तर वाटीभर.

संध्याकाळची पाच-सहाची वेळ सगळ्यांत नाजूक. लेक्चर सुटलेलं असतं, मेस उघडायला अवकाश असतो, आणि बाहेर कचोरीचा घाणा सुरू असतो. फुटाण्यांचा डबा बॅगेत असेल तर त्या वेळेला निभावता येतं. एक मूठ म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्यात साडेसहा ग्रॅम प्रोटीन. सालासकट खा. उन्हाळ्यात कोरडे फुटाणे घशाखाली उतरत नाहीत, तेव्हा डाळ्यांचं पीठ ताकात कालवा, मीठ, जिरेपूड आणि चिरलेला कांदा घाला. दोन मोठे चमचे पिठात तेवढंच प्रोटीन असतं आणि भुसावळ-जळगावच्या ४४-४५ अंशांत पोटाला थंडावाही मिळतो.

रात्री मेसच्या जेवणाबरोबर वाटीभर मोड आलेले मूग किंवा मटकी, किंवा एक दिवसाआड सोयावडी.

बेरीज केली तर मेसच्या ताटावर तीस-पस्तीस ग्रॅम वाढतात. एखादी गोष्ट राहिली तरी आकडा चुकत नाही, म्हणूनच थोडं जास्त धरलं आहे.

६. मोड आणायचे, तेही आपल्या हवामानात

ही गोष्ट सगळ्यांना सोपी वाटते आणि बरेच जण दुसऱ्या आठवड्यात सोडून देतात, कारण मोड आंबतात, बुळबुळीत होतात, खोलीभर वास सुटतो. खान्देशात ऋतूप्रमाणे पद्धत बदलावी लागते.

एका माणसाला एका वेळी ३०-४० ग्रॅम मूग पुरतात, म्हणजे लहान वाटी अर्धी. निवडून, दोन पाण्यांनी धुऊन भिजवा. हिवाळ्यात रात्री झोपताना कोमट पाण्यात घाला, सकाळी उपसा. आपल्याकडे थंडीत पारा दहाच्याही खाली जातो, त्या दिवसांत मोड यायला एक दिवस-रात्र लागते. फडक्यात बांधून डब्यात ठेवा आणि डबा पांघरुणात गुंडाळा. उन्हाळ्यात याच्या अगदी उलट. पाच-सहा तासांपेक्षा जास्त भिजवायचं नाही. सकाळी सहाला घातले तर दुपारी जेवायला आल्यावर उपसायचे, रात्रीपर्यंत नखाएवढे मोड आलेले असतात. रात्रभर पाण्यात राहिले तर सकाळी पाण्यावर फेस दिसेल. ते टाकून द्या, धुऊन खायच्या भानगडीत पडू नका.

फडकं पिळून घट्ट करायचं, पाणी टपकता कामा नये. दिवसातून दोनदा फडक्यासकट नळाखाली धरून पुन्हा पिळायचं. चांगल्या मोडाला हिरव्या शेंगेसारखा वास येतो. आंबूस वास आला किंवा बोटाला तार लागली की समजा ते गेले.

कच्चे मोड खाऊ नका. ओलाव्यात आणि उबेत मोड येतात तसे जंतूही वाढतात, आणि हॉस्टेलच्या टाकीच्या पाण्याचा भरवसा कुणी द्यावा? मोड वाडग्यात काढा, वरून उकळतं पाणी ओता, झाकण ठेवून पाच-सात मिनिटांनी पाणी काढून टाका. मूग मऊ होतात, दाताखाली थोडे कुरकुरीतही राहतात. मटकीला दुसऱ्यांदा उकळतं पाणी घाला. मग कांदा, मीठ, तिखट आणि लिंबू. लिंबू टाळू नका, कडधान्यातलं लोह त्याने अंगी लागतं. याच कारणाने जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या.

राजमा आणि सोयाबीन यांना हा उपाय चालत नाही. भिजवलेला कच्चा राजमा विषारी असतो, उलट्या-जुलाब होतात. सोयाबीनचे दाणेही नीट शिजवल्याशिवाय खायचे नाहीत. खोलीत फक्त मूग आणि मटकी.

७. सोयावडी नीट करायची तर

वडीला एक उग्र वास असतो आणि तो पिळण्यावर जातो. २५ ग्रॅम वड्या, म्हणजे लहान आकाराच्या असतील तर साधारण वाटीभर, डब्यात घ्या. चिमूटभर मीठ घालून उकळतं पाणी ओता, पंधरा मिनिटं झाकून ठेवा. वड्या फुगून मऊ होतात. हाताने घट्ट पिळा, गढूळ फेसाळ पाणी निघेल. थंड पाण्यात टाकून पुन्हा पिळा. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ निघालं की वास गेला.

या वाटीत तेरा ग्रॅम प्रोटीन आहे. मेसच्या रस्साभाजीत टाकल्या की वड्या रस्सा पितात आणि भाजीसारख्याच लागतात. वांग्याच्या भाजीत आणि काळ्या मसाल्याच्या रश्श्यात छान मिसळतात. वरणात मात्र बेचव लागतात. रोज मोठ्या वाट्या भरून खाऊ नका, पोट जड होतं. दिवसाआड २५ ग्रॅम पुरे.

८. घरून काय आणायचं

सुट्टीवरून परतताना पिशवीत चिवडा-शंकरपाळे भरून येतात. आई प्रेमाने देते, तिला नाही म्हणू नका, पण पुढच्या वेळी तिला यादी द्या.

सगळ्यांत वर दाण्याची चटणी, लसूण-तिखट घालून उखळात कुटलेली. कोरडी असेल तर महिनाभर टिकते. तिच्यासोबत तिळाची आणि जवसाची चटणी आणलीत तर तोंडाला पालट राहतो.

मग कळण्याचं पीठ. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळायचे ही आपल्याकडची जुनी रीत, आणि जुन्या लोकांनी ती नुसत्या चवीसाठी पाळली नसावी. धान्याची उणीव उडीद भरून काढतात. तीन भाग ज्वारीला एक भाग उडीद धरले तर ७० ग्रॅम पिठाच्या भाकरीत नऊ ग्रॅम प्रोटीन बसतं, नुसत्या ज्वारीच्या भाकरीत सात. घरात दादर ज्वारी असेल तर तिचीच भाकरी करावी, गोडी वेगळी असते. हॉस्टेलची मोठी मेस असेल तर हे जमणार नाही. पण तुम्ही गल्लीतल्या घरगुती मेसचा डबा लावला असेल तर काकूंना विचारून बघा. पीठ आपलं दिलं तर बऱ्याच काकू रात्रीच्या डब्यात दोन भाकरी थापून देतात. महिन्याला चार-सव्वाचार किलो पीठ द्यायचं आणि वर थोडे पैसे ठरवायचे. उडदामुळे भाकरी खमंग होते, नुसत्या ठेच्यासोबतही जाते.

फुणके येण्याच्या दिवशी आणा. तुरीची डाळ भिजवून भरडायची, मिरची-लसूण-कोथिंबीर घालून मुटके वळायचे आणि वाफवायचे. चार फुणक्यांत पन्नास ग्रॅम डाळ सहज असते, म्हणजे दहा-अकरा ग्रॅम प्रोटीन. घरी कढीसोबत खातात, हॉस्टेलवर मेसच्या ताकात कुस्करून खा. हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकतात, उन्हाळ्यात त्याच रात्री संपवा.

डुबुकवडे आणि पातोड्यांची आमटी सोबत नेता येत नाही, ती घरी गेल्यावर मागून खायची. सुट्टीत घरी तेवढे दोन दिवस पनीरची भाजी मागण्यापेक्षा उडदाची डाळ मागा.

९. इथे फसगत होते

केळी. आपल्या जिल्ह्यात केळी म्हणजे घरचंच पीक, त्यामुळे पोरं ताकदीसाठी डझनाने खातात. केळं चांगलंच आहे, पण १०० ग्रॅम केळ्यात प्रोटीन जेमतेम सव्वा ग्रॅम. बनाना शेकमधलं प्रोटीन दुधाचं असतं. शेकवाल्याने निम्मं पाणी घातलं तर तेही गेलं.

शेवभाजी. शेव बेसनाची, म्हणून प्रोटीन, असा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. शेव तळताना तेल पिते आणि वर तर्री असते. सणासुदीला खा, रोजच्या हिशेबात धरू नका.

भिजवलेले पाच बदाम. पाचात मिळून सव्वा ग्रॅमच्या आसपास. तेवढ्या पैशांत मूठभर फुटाणे येतात.

दुधात घालायच्या गोड चॉकलेटी पावडरी. पाकिटामागचा तक्ता वाचा. दोन चमच्यांत प्रोटीन दीड-दोन ग्रॅम आणि साखर त्याच्या कितीतरी पट. "प्रोटीन" लिहिलेल्या बिस्किटांचंही तेच. तक्त्यात दर १०० ग्रॅममागे प्रोटीन किती आणि साखर किती, या दोनच ओळी बघायच्या.

स्वस्त पनीर. बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त असेल तर ते दुधाचं असेलच असं नाही. पाकिटावर "अ‍ॅनालॉग" लिहिलं असेल तर ते पनीर नव्हे. आणि फ्रिज नसताना पनीर आणलं त्याच दिवशी संपवायचं.

पावडरचा डबा घ्यायचाच असेल, खेळाडू असाल, वजन कमी असेल, तर सीलबंद घ्या, १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक बघा आणि पक्कं बिल मागा. जिममध्ये सुट्या पुड्यांत मिळणारी पावडर घेऊ नका.

१०. मेस समितीकडे काय मागायचं

"जेवण चांगलं द्या" या मागणीला कुणी दाद देत नाही. आकडा घेऊन जा. शंभर मुलांच्या मेसमध्ये एका वेळी दीड किलो डाळ शिजत असेल तर माणशी पंधरा ग्रॅम झाली. ती तीन किलो करा एवढीच मागणी ठेवा. डाळीचा भाव १३० धरला तर एका जेवणाला १९५ रुपये जास्त, म्हणजे माणशी दोन रुपये. महिन्याला दोन्ही वेळचे मिळून १२० रुपये. हा हिशेब कागदावर मांडून पन्नास सह्या घेऊन रेक्टरकडे दिला, तर मेसचालकालाही उत्तर देणं भाग पडतं. वर्गणी वाढवायची तयारी असेल तर तेही त्याच अर्जात लिहा, बोलणं लवकर पुढे सरकतं.

दुसरी मागणी : आठवड्यातून तीनदा सुक्या भाजीऐवजी चवळी, मटकी किंवा हरभऱ्याची उसळ. भाज्या महाग असतात त्या दिवसांत मेसवाल्यालाही ती सोयीची पडते, म्हणून उन्हाळ्यात मागितलेली लवकर मान्य होते.

ज्यांच्या वसतिगृहात मेस नाही आणि जेवणाचे पैसे थेट खात्यात जमा होतात, त्यांनी पैसे आले की त्याच दिवशी महिन्याचा कडधान्याचा शिधा भरून घ्यावा. हप्ता पुढे-मागे होतो, त्या दिवसांत डब्यातले मूग-फुटाणेच आधार देतात.

११. उपवास, श्रावण आणि एकादशी

साबुदाण्यात प्रोटीन जवळजवळ नसतंच. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. म्हणून उपवासाच्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी मागा, आमटी घट्ट. सोबत दूध किंवा दही, राजगिऱ्याचा लाडू, भाजलेले दाणे. एवढ्यावर तीस ग्रॅमच्या पुढे जाता येतं. श्रावणभर कांदा-लसूण बंद असेल तर मोडांना आलं, लिंबू, जिरेपूड लावा. आठवड्यात दोन-तीन उपवास धरणाऱ्यांनी मधल्या दिवसांत सोयावडी चुकवू नये.

१२. पोट आणि रक्त

कडधान्य एकदम वाढवलं की पोट फुगतं, गॅस होतो, आणि लोक तिसऱ्या दिवशी सगळं सोडतात. पहिल्या आठवड्यात फक्त संध्याकाळचे फुटाणे सुरू करा. दुसऱ्या आठवड्यात मोड, तेही अर्धी वाटी. सोया तिसऱ्या आठवड्यात. मोडांवर चिमूटभर ओवा-हिंग टाका आणि पाणी भरपूर प्या.

प्रोटीनचा आकडा पुरा होत असूनही सतत थकवा, चक्कर, हातापायांना मुंग्या, केसांची गळती असेल तर दोष प्रोटीनचा नसेल. शाकाहारी माणसात बी-१२ कमी असणं फार सामान्य आहे, कारण ते डाळी-भाज्यांतून मिळत नाही, थोडंफार दूध-दह्यातून येतं. बऱ्याच मुलींमध्ये हिमोग्लोबिनही कमी असतं. सरकारी रुग्णालयात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि डॉक्टरांना बी-१२ बद्दल विचारा. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून गोळ्या-इंजेक्शनं सुरू करू नका. तपासणीला जाताना आधारकार्ड आणि कॉलेजचं ओळखपत्र सोबत ठेवा, आणि आधीचे रिपोर्ट असतील तर तेही न्या.